इस्रायल-पॅलेस्टाईनचा शांतता प्रस्ताव हातात आला तर वाचायचा कसा

दर दोन-चार वर्षांनी बातमी येते, नवा आराखडा आला, अमुक ठिकाणी हस्तांदोलन झालं, आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर दोन तट पडतात. एक म्हणतो अरबांना कितीही द्या ते नाहीच म्हणणार, दुसरा म्हणतो इस्रायलला काही द्यायचंच नाहीये. दोघांपैकी एकानेही मूळ कागद उघडलेला नसतो. मी गेली बरीच वर्षं हे कागद वाचतेय, आमच्या वाचनकट्ट्यावर सलग तीन रविवार आम्ही टेबलावर नकाशा पसरून हेच केलं, त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे लिहून ठेवतेय.

मला हा विषय लांबचा वाटत नाही. मी अलिबागकडची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे, नवगावला बेने इस्रायलींचे, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचे, पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली. १९४८ नंतरच्या वर्षांत त्यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आता अश्दोद, दिमोना, लोद, रामला इथे मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. तिकडे सायरन वाजला की इकडे जीव खालीवर होतो, आणि त्याच टीव्हीवर गाझातल्या ढिगाऱ्याखालून काढलेलं लेकरू दिसलं की तेव्हाही तितकाच होतो. म्हणून मला वाटतं की शांततेचा कागद नीट वाचायला शिकणं हे आपलंही काम आहे.

तर सुरुवात अशी करा. आधी मूळ मजकूर मिळवा, बातमी नको. बहुतेक कागद छोटे असतात. सुरक्षा परिषदेचा १९६७ चा ठराव २४२ जेमतेम पानभर आहे, अरब लीगचा २००२ चा बैरुतचा प्रस्तावही तेवढाच, इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना (पीएलओ) यांच्या १९९३ च्या ऑस्लो जाहीरनाम्यात १७ कलमं आणि जोडपत्रं. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचे डिसेंबर २००० चे तोडग्याचे निकष तर कागदावर दिलेच नव्हते, २३ तारखेला व्हाइट हाउसमध्ये दोन्ही शिष्टमंडळांना बसवून त्यांनी ते सावकाश वाचून दाखवले आणि समोरच्यांनी उतरवून घेतले.

आणि मराठीत वाचत असाल तर एका ठिकाणी जपा. ठराव २४२ चा इंग्रजी मजकूर सांगतो की इस्रायली फौजांनी १९६७ च्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, पण त्या 'प्रदेशांच्या' आधी 'द' (the) हा शब्द नाही. म्हणून इस्रायलचं म्हणणं की सगळ्या प्रदेशांतून असं कुठे लिहिलंय. फ्रेंच मजकुरात मात्र ते शब्दरूप असं आहे की 'त्या प्रदेशांतून' असा अर्थ लागतो, आणि अरब देश ते दाखवतात. आता हे मराठीत करून बघा. 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार'. झालं, भांडणच गायब, कारण आपल्या भाषेत ते 'द' नाहीच. अर्धशतकाहून जास्त काळ ज्या एवढ्याशा शब्दावर वकील भांडतायत तो आपल्या बातमीत उतरतच नाही. म्हणून जिथे शब्द गुळगुळीत वाटेल तिथे पेन्सिलने खूण करा, बहुतेक वेळा तो मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला असतो, दोघांनी सही करावी म्हणून.

मग नकाशा. कागद वाचताना नकाशा शेजारी नसेल तर वाचूच नका असं मी म्हणेन. वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा लहान आहे. गाझा पट्टी सुमारे ३६५ चौरस किलोमीटर, मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. इस्रायलमधल्या नेतान्याजवळ १९४९ च्या जुन्या रेषेपासून समुद्र साधारण १५ किलोमीटर. इतक्याशा जागेत टेकडी कुणाकडे, विहीर कुणाकडे, रस्ता कुणाच्या ताब्यातून जातो यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भाऊ-भाऊ तीन पिढ्या बोलत नाहीत, इथे तर बांध म्हणजे देशाची हद्द.

ती हद्द कशी आखली गेली ते एकदा जवळून बघा. ३० नोव्हेंबर १९४८, जेरुसलेममधलं मुसरारा भागातलं एक पडीक घर, तिथे इस्रायलचे कमांडर मोशे दयान आणि जॉर्डनच्या अरब लीजन या सैन्याचे अब्दुल्ला अल-तल यांनी १:२०,००० च्या नकाशावर जाड मेणपेन्सिलीने आपापल्या फौजा कुठे आहेत त्या रेषा ओढल्या, एकाची हिरवी, एकाची लाल. पेन्सिल जाड, रेष तीन-चार मिलिमीटरची. त्या स्केलवर तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६० मीटर. म्हणजे आख्खी घरं, गल्ल्या त्या रेषेच्या जाडीत सापडल्या, नुसत्या तात्पुरत्या युद्धबंदीसाठी ओढलेल्या रेषेत. आणि १९४९ च्या शस्त्रसंधीत स्वच्छ लिहिलं होतं की ही अंतिम सीमा नव्हे, पुढच्या तोडग्याला ही बाधा नाही. आज प्रत्येक प्रस्तावात '१९६७ च्या रेषा' असं येतं ना, त्या याच १९४९ च्या रेषा, ४ जून १९६७ पर्यंत जशा होत्या तशा.

टक्केवारी आली की लगेच थांबा आणि विचारा, कशाचे टक्के? २००० साली कॅम्प डेव्हिडला, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विश्रामस्थळी झालेल्या बोलण्यांत, इतके टक्के देऊ केले तितके टक्के देऊ केले असं आपण ऐकतो, पण इस्रायल हिशेब करताना पूर्व जेरुसलेम, लात्रूनची निर्मनुष्य पट्टी आणि मृत समुद्राचा त्या बाजूचा भाग धरत नव्हता, पॅलेस्टिनी धरत होते. छेदच वेगळा, मग टक्के कसे जुळणार. त्याच्याही मागे अजून मोठा छेद आहे. पॅलेस्टिनी म्हणतात की १९८८ ला अल्जियर्समध्ये आम्ही ब्रिटिशांच्या पॅलेस्टाईनपैकी साधारण २२ टक्क्यांवर राज्य मानलं, ७८ टक्के तिथेच सोडले, आता उरलेल्यात पुन्हा घासाघीस का. इस्रायली म्हणतात की १९४७ ला फाळणी आम्ही मान्य केली, तुम्ही युद्ध केलंत, त्यामुळे हिशेब तिथून सुरूच होत नाही. प्रस्ताव वाचताना हे दोन्ही आवाज कानात ठेवायचे, एकच ठेवला तर दुसऱ्या बाजूचा नकार वेडेपणा वाटतो.

आता कोऱ्या कागदावर पाच ओळी मारा. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्यापलेल्या भागात इस्रायलने वसवलेल्या ज्यूंच्या), सुरक्षा. ही यादी माझी नाही, ऑस्लोच्या जाहीरनाम्यातच अंतिम वाटाघाटीसाठी बाजूला काढलेले विषय आहेत. मी सहावी ओळ पाण्याची मारते कारण वेस्ट बँकखालच्या भूजलावर दोघेही जगतात, शेती करणाऱ्या कुणालाही ती ओळ का लागते हे सांगायला नको. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने करा. काय ठरलं, कधीपर्यंत, आणि वाद झाला तर निवाडा कुणाचा. बहुतेक प्रस्तावांची सगळी कुंडली या तीन रकान्यांत निघते.

कारण हे कागद वाचून मला एकच गोष्ट पक्की कळलीय. जिथे तारीख, जागा आणि पंच लिहिलेत तिथे शत्रूंनीही शब्द पाळलाय, आणि जिथे 'पुढे ठरवू' लिहिलंय तिथे त्या मधल्या काळातच सगळं मोडलंय.

'ताबा' नावाच्या एका ठिकाणाचं उदाहरण घ्या, हे मला फार आवडतं. १९७८ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे कार्टर, इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन १३ दिवस कॅम्प डेव्हिडला होते, मार्च १९७९ ला इजिप्त-इस्रायल करार झाला, त्यात १९६७ ला इस्रायलने घेतलेलं इजिप्तचं सिनाई कुठल्या टप्प्याने परत करायचं ते नकाशासकट होतं. २५ एप्रिल १९८२ ला शेवटचा टप्पा पुरा झाला, त्याआधी यामित ही ज्यू वसाहत इस्रायलने स्वतःच्या सैन्याकरवी रिकामी केली, लोक छपरांवर चढून बसले होते. पण अकाबाच्या आखातावर ताबा नावाचा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा तुकडा राहिला, त्यावर एक हॉटेलही उभं. भांडण होतं हद्दीच्या खांबाचं, १९०६ ला तुर्क आणि ब्रिटिशांच्या काळात ठरलेल्या हद्दीचा ९१ नंबरचा खांब नेमका कुठे होता. अगदी आपल्याकडे मोजणीवाला आल्यावर हद्दीचा दगड कुठे होता म्हणून होतं तसं. फरक इतकाच की करारातल्या सातव्या कलमात लिहिलेलं होतं, वाद बोलून सुटला नाही तर समेट किंवा लवाद. मग जिनिव्हात पाच जणांचा लवाद बसला, जुने नकाशे, जुने फोटो तपासले, सप्टेंबर १९८८ ला चार विरुद्ध एक मतांनी इजिप्तच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च १९८९ ला इस्रायलने ताबा सोडलं. गोळी सुटली नाही. चार युद्धं लढलेले दोन देश.

आता त्याच रकान्यांत ऑस्लो भरा. १३ सप्टेंबर १९९३, व्हाइट हाउसची हिरवळ, इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे अराफत. त्याच्या चार दिवस आधीची पत्रं फार मोठी गोष्ट होती, पीएलओने इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं, इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी लोकांचा प्रतिनिधी मानलं. पण पाचही कठीण ओळींपुढे 'तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत बोलणी सुरू, पाच वर्षांत अंतिम तोडगा' इतकंच. शेवट काय असेल, राज्य होणार का, शब्द नाही. लवाद आहे, पण दोघांची संमती असली तरच. वसाहती वाढवायच्या नाहीत असं थेट कलम नाही. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकचे तीन भाग पडले, पुढच्या टप्प्यांनंतर २००० पर्यंत ते झाले अ १८ टक्के, ब २२, क ६०, आणि क संपूर्ण इस्रायलच्या ताब्यात, तेही तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं अजून चालू आहे. त्या मधल्या वर्षांत काय नाही झालं. फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं, हमासचे बसमधले आत्मघाती स्फोट सुरू झाले, वसाहतींतली माणसं वाढतच गेली, आणि ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिनना त्यांच्याच देशातल्या ज्यू तरुणाने गोळ्या घातल्या. ज्यांना शांतता नको होती त्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली होती. मला राबिनच्या मृत्यूचा दिवस अजून आठवतो, आमच्या घरी सकाळी पेपर वाचून आजी म्हणाली होती, घरच्याच माणसाने मारलं.

म्हणून चौथा रकाना पण काढा, सही कोण करतंय आणि घरात त्याचं किती चालतं. सादातना १९८१ ला त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी संचलनात मारलं तरी करार टिकला कारण मागे आख्खं सरकार आणि सैन्य होतं. ऑस्लोचा दुसरा करार क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, ६१ विरुद्ध ५९ ने पास झाला, दोन मतांचं अंतर. २००८ च्या सप्टेंबरात इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्टनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बासना नकाशा दाखवला, वेस्ट बँकचे साधारण ६.३ टक्के घेऊ आणि त्या बदल्यात ५.८ टक्के जमीन देऊ, शिवाय गाझाला जोडणारा मार्ग, जुन्या शहराच्या पवित्र भागावर पाच देशांची देखरेख. नकाशाची प्रत हातात दिली नाही, अब्बासनी नंतर आठवणीने कागदावर रेखाटला. पण ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पद सोडायच्या वाटेवर होते, अब्बासच्या हातून गाझा आधीच हमासकडे गेलेला. कागद चांगला होता की वाईट यावर तासभर वाद घालता येईल, पण देणारा आणि घेणारा दोघांचेही पाय जमिनीवर नव्हते.

निर्वासितांच्या ओळीला वेळ द्या, घाईत वाचू नका. १९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरंदारं सोडून गेले किंवा हाकलले गेले, अनेकांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या, त्या नातवंडांकडे आल्या. त्यांचे वारस धरून आज संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या निर्वासित-मदत संस्थेकडे ५० लाखांहून जास्त नोंदलेले आहेत. दुसऱ्या बाजूला अरब देशांतले लाखो ज्यू त्याच काळात उखडले गेले, एकट्या इराकमधून १९५०-५१ ला एक लाखावर माणसं विमानाने आली, बगदादमधली घरं, दुकानं तिथेच टाकून. ही ओळ वाचताना शब्द बघा. 'परत येण्याचा हक्क' लिहिलंय, की 'न्याय्य तोडगा', की 'मान्य होईल असा तोडगा'. २००२ च्या अरब प्रस्तावात लिहिलंय, ठराव १९४ नुसार (संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा, निर्वासितांच्या परतीबद्दलचा), सहमतीने ठरेल असा न्याय्य तोडगा. त्यात 'सहमतीने' हा शब्द इस्रायलसाठी आहे आणि '१९४' हा आकडा निर्वासितांसाठी, एका वाक्यात दोन्ही घरं बसवलीत. क्लिंटननी पाच वाटा दिल्या होत्या, नव्या पॅलेस्टाईनमध्ये, अदलाबदलीत मिळालेल्या जमिनीवर, आहेत त्या देशात, तिसऱ्या देशात, किंवा इस्रायलमध्ये पण इस्रायलच्या मर्जीने. ही शेवटची वाट किती जणांना हे कुठेच नव्हतं.

अरब प्रस्तावाचं अजून एक सांगते. २७ मार्च २००२ च्या संध्याकाळी नेतान्यातल्या हॉटेलात पासोव्हर या ज्यूंच्या सणाच्या जेवणाला बसलेल्या लोकांत आत्मघाती स्फोट झाला, ३० माणसं गेली. दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, बैरुतमध्ये सगळ्या अरब देशांनी मिळून माघार आणि पॅलेस्टिनी राज्याच्या बदल्यात इस्रायलशी नेहमीसारखे संबंध ठेवू असं सांगितलं. इस्रायलमध्ये ते ऐकायला त्या दिवशी कोण होतं? लोक प्रेतं मोजत होते. तेव्हा कागदाची तारीख बघितलीत की त्या आठवड्यात काय घडलं तेही शोधा.

नकाराबद्दल थोडं. अरब नेहमी नाही म्हणाले हे वाक्य मी स्वतः लहानपणापासून ऐकलंय, त्यात तथ्य आहेच, १९३७ ला ब्रिटिशांच्या पील आयोगाची फाळणी पॅलेस्टाईनमधल्या अरबांच्या उच्च समितीने नाकारली, संयुक्त राष्ट्रांची १९४७ चीही नाकारली. पण पीलच्या आराखड्यात ज्यू राज्यातून सव्वादोन लाख अरब हलवायची कल्पना होती, आणि १९४७ च्या नकाशात एक तृतीयांश लोकसंख्येच्या ज्यूंना निम्म्याहून जास्त जमीन होती. २९ नोव्हेंबर १९४७ ला ३३ विरुद्ध १३ ने तो ठराव पास झाला, विरोधातल्या १३ मध्ये भारत होता. भारताच्या प्रतिनिधीने, इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर, वेगळा आराखडा दिला होता, एकच संघराज्य आणि आत दोन स्वायत्त भाग. आपल्याकडे फाळणीच्या कत्तली तेव्हा तीन महिन्यांपूर्वीच्या, त्यामुळे तो विरोध कुठून आला असेल हे मराठी वाचकाला कळेल. पण ज्यूंच्या बाजूने बघा, युरोपात साठ लाख मारले गेले होते, वाचलेले अजून छावण्यांत पडून होते, त्यांना कुणाच्या तरी बहुमताखाली राहा म्हणणं सोपं नव्हतं. २००० चे क्लिंटन निकष तर दोघांनीही हो म्हणून मोठमोठे आक्षेप जोडले. म्हणून नकार दिसला की 'कशाला नकार' असं लिहा, 'कुणी नकार दिला' इतक्यावर थांबू नका.

आता सराव म्हणून २०२५ च्या सप्टेंबर अखेरचा ट्रम्प यांचा २० कलमी आराखडा घ्या, ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला, त्यात मारली गेलेली सुमारे १२०० माणसं, २५१ ओलीस, आणि मग दोन वर्षं गाझाची झालेली राखरांगोळी, इतक्या सगळ्यानंतरचा हा कागद. रकाने भरा. ओलीस कधी सुटणार, ७२ तासांत, आकड्यांसकट, जन्मठेपेचे २५० कैदी आणि गाझातले १७०० स्थानबद्ध बदल्यात. १० ऑक्टोबरला युद्धबंदी झाली आणि १३ तारखेला जिवंत २० ओलीस घरी आले. तारीख होती तिथे काम झालं. आता पॅलेस्टिनी राज्याच्या कलमापर्यंत खाली या. तिथे असं आहे की गाझाची उभारणी पुढे गेली आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (वेस्ट बँकच्या काही भागांचा कारभार बघणाऱ्या पॅलेस्टिनी यंत्रणेच्या) सुधारणा नीट झाल्या की स्वयंनिर्णयाच्या वाटेसाठी परिस्थिती तयार होऊ शकेल. नीट झाल्या हे कोण ठरवणार, कधीपर्यंत, वाद झाला तर कुठे जायचं, तिन्ही रकाने कोरे. जेरुसलेमची ओळ कोरी, वसाहतींची कोरी.

भरलेला कागद फेकू नका. शेवटी एक काम राहतं, तोच प्रस्ताव दोन घरांत बसून पुन्हा वाचायचा, एकदा बेथलेहेमजवळच्या देहेशेह छावणीत तिसरी पिढी वाढवणाऱ्या बाईच्या जागी, एकदा गाझाला लागून असलेल्या इस्रायली स्देरोतमध्ये सायरननंतर पंधरा सेकंदांत मुलांना आडोशाला ओढणाऱ्या बाईच्या जागी. प्रत्येकीला उद्या सकाळी नक्की काय बदललेलं दिसेल ते एका ओळीत लिहा. आमच्या कट्ट्यावर देहेशेहच्या घरापुढे लिहायला काही सापडेना तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एका काकांनी पेन्सिलीने तिथे 'पाणी?' असं लिहिलं, आणि आम्ही पुन्हा पहिल्या कलमापासून पाण्याचा शब्द शोधत बसलो.